फाटकाची कडी

मी एसटीमागेसुद्धा कधी धावले नाही.
सुटली तर सुटली, अर्ध्या तासानं दुसरी येते,
हे पतपेढीत कॅशला बसून बसून
सत्तेचाळीस वर्षांच्या कमरेनं पाठ केलेलं.

फॉर्म हेमलतानं भरला, दोघींचा.
माझी जन्मतारीख तिला माहीत, टी-शर्टाचं मापही,
ते तिनं मुद्दाम एक नंबर लहान लिहिलं.
एकवीस किलोमीटर. जळगाव. डिसेंबरातला रविवार.
पैसे परत मिळतात का, मी विचारलं.
नाही म्हणाली.
तिथंच फसले.
सातशे रुपये बुडू देणं
आमच्या घरात कुणाला जमलेलं नाही.

मग रोज पहाटे साडेचार.
हाक नाही, फक्त फाटकाची कडी,
दोनदा.
मी अंधारात मोजे शोधते,
तिच्या सात पिढ्या काढते,
बाहेर येऊन म्हणते, चल.

पहिल्या आठवड्यात सावद्याच्या पेट्रोल पंपापर्यंत.
दुसऱ्यात वीटभट्टी.
तिसऱ्यात मला ताप आला.
(आला नव्हता.)
चौथ्यात फैजपूरची पाटी दिसली
आणि मी तिला हात लावून आले,
देवळाच्या पायरीला लावतात तसा.

दोन्ही बाजूंना केळीच केळी,
निळ्या पिशव्यांत घड झाकलेले,
ठिबकच्या नळीतून कुठंतरी पाणी सुसकारतं,
कापलेल्या खोडांचा आंबूस वास
दर श्वासाला आत.
ट्रक भरणारे बिडी थांबवून विचारतात,
"कुठी पळू राह्यल्या वं बाया? कोन लागलं मागं?"
मागं कोणीच नाही, भाऊ.
ही पुढची ओढू राह्यली.

हेमलता धावताना बोलते.
सासूचा गुडघा.
रात्रपाळीत तिच्या हातावर आलेली जुळी,
त्यातली एक उशिरा रडली ती.
आणि ऑक्टोबरात, सहाव्या किलोमीटरला,
भावानं राखीच्या दिवशी
ताटाशेजारी ठेवलेला हक्कसोडीचा कागद.
मला हं म्हणण्याइतकाही दम नव्हता.
म्हणूनच बहुतेक सांगितलं तिनं.
पंचवीस वर्षं शेजारी राहून
मी प्रत्येक वाक्याला उत्तर देत आले होते.

थंडी पडली. भरताची वांगी आली.
तुरकाट्यांवर भाजलेल्या भरताबरोबर
मी कळण्याच्या तीन भाकरी खाल्ल्या
आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक पावलाला
त्यातली एकेक मोजली.

त्या रविवारी अठरा करायचे होते.
चौदाव्याला तिच्या पोटरीत गोळा आला.
मोरीच्या कठड्यावर बसली, बूट काढला,
म्हणाली, बस.
तीन महिने मी ह्याच शब्दाची वाट बघत होते.
बसले.
दगड गार होता. सातपुडा हळूहळू
काळ्याचा निळा होत होता.
पाय मात्र खाली ठरेनात,
घरी जायची घाई झालेल्या पाहुण्यासारखे.

दूधवाला थांबला. दोन कॅनच्या मधे
हेमलता कशीबशी मावली.
तू पण ये, म्हणाली, मागे जागा आहे.
जागा होती.
जा तू, मी येते,
असं माझ्याच तोंडून ऐकलं मी.

मग चार किलोमीटर कुणी बोललं नाही.
इतकी शांतता मला झेपेना.
म्हणून मीच सुरू केलं, मोठ्यानं,
आधी नुसतं हं, हं,
मग, गुडघ्याला तिळाचं तेल लाव म्हणावं,
मग, त्या उशिरा रडलेलीचं नाव काय ठेवलं गं?
सगळी थकलेली उत्तरं
केळीच्या बागांना देत,
दम लागत होता तरी.

तिच्या फाटकाशी पोचले तेव्हा
उन्हात पाय ठेवून ती पोटरी चोळत बसलेली.
फाटक उघडंच होतं.
तरी मी कडी वाजवली, दोनदा.
किती वेळ लागला, तिनं विचारलं.

म्हटलं, हेमे,
ती सही तू करायला नको होतीस.

तिनं तेलाची वाटी खाली ठेवली.